वाटसरूची सोय आणि सरकारी द्रव्य : रत्नागिरीच्या वाटेवरील चार्जिंग केंद्रे व अनुदानाची परंपरा

१

वाटसरूची सोय हे पुण्यकर्म होय, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. धर्मशास्त्रकारांनी ‘इष्ट’ आणि ‘पूर्त’ असे धर्मकृत्यांचे दोन वर्ग कल्पिले. यज्ञयाग हे इष्ट. विहिरी, तळी, आमराया, अन्नदान आणि प्रपा हे पूर्त. ह्या ‘प्रपा’ शब्दाचाच प्राकृतातून घडलेला अवशेष मराठीतील ‘पाणपोई’ ह्या शब्दाच्या उत्तरार्धात शिल्लक आहे. वाटेवर पाणी पाजणाऱ्याने वाटसरूची जात, गाव वा ऐपत विचारू नये, आणि वर्दळ किती आहे हे पाहून पाणी ठेवू नये, असे दोन संकेत त्या संस्थेत गृहीत होते. किंबहुना जेथे वर्दळ विरळ आणि पाणी दुर्मीळ, तेथील पाणपोईचे पुण्य अधिक मानले जाई. अहिल्याबाई होळकरांनी (राज्यकाल १७६७ ते १७९५) आपल्या राज्याबाहेर दूरदूरच्या वाटांवर धर्मशाळा व विहिरी बांधल्या, त्यांमागे हीच दृष्टी होती.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता ह्या परंपरेहून अगदी वेगळा आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी घरोघरी आणि रस्त्यांवर चार्जिंगची सोय व्हावी म्हणून केंद्र व राज्य शासनांनी गेल्या दहा वर्षांत जी अनुदाने दिली, त्यांचा इतिहास रत्नागिरी जिल्ह्याच्या दृष्टीने तपासावा, एवढाच येथे हेतू आहे. तथापि हा इतिहास तपासताना एक प्रश्न वारंवार पुढे येतो. सरकारी द्रव्य कोणत्या मापाने वाटले जाते? माणसांच्या संख्येने, वाहनांच्या संख्येने, की वाटेच्या लांबीने? माप बदलले की लाभार्थी बदलतो. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यास मिळणारा न्याय वा अन्याय ह्या मापाच्या निवडीत दडलेला आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

२

प्रथम ‘अनुदान’ ह्या शब्दाचा विचार करणे इष्ट ठरेल. ‘अनु’ म्हणजे मागून, अनुसरून; म्हणून घटकार्थाने अनुदान म्हणजे मागाहून दिलेले दान. दान देणारा स्वतः पुढाकार घेतो. अनुदान देणारा दुसऱ्याच्या पुढाकाराची वाट पाहतो. १८५४ च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात शाळांना जी साहाय्यपद्धती सुरू केली, तिचे तत्त्व नेमके हेच होते. स्थानिक लोकांनी शाळा काढावी, काही खर्च सोसावा, मग सरकारने त्यात भर घालावी. मराठी माणसाच्या मनात हा शब्द आजही प्रथम शाळेशीच निगडित आहे. ‘अनुदानित’ आणि ‘विनाअनुदानित’ ही विशेषणे त्याचीच साक्ष देतात. ह्या पद्धतीचा गुण असा की, सरकारी पैसा निष्क्रिय माणसावर खर्च होत नाही. दोष असा की, ज्याच्यापाशी आरंभीचे भांडवल नाही, त्याच्यापर्यंत तो पोहोचतच नाही.

वाटेवरच्या सोयींसाठी एकोणिसाव्या शतकात दुसरी एक पद्धती होती. १८६९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसविण्यात आली आणि त्यातून लोकल फंड उभा राहिला. रस्ते, शाळा, विहिरी, धर्मशाळा ही कामे त्या फंडातून होत. येथे व्यक्तीच्या पुढाकाराची अट नव्हती. पट्टी सर्व गावांनी भरावयाची असल्यामुळे सोयींवर हक्कही, निदान तत्त्वतः, सर्व गावांचा होता.

तिसरी पद्धती तगाईची. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थ बळ देणे असा आहे. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्जाच्या कायद्याने खाजगी विहिरीसाठी सरकारी कर्ज देण्याची व्यवस्था नियमबद्ध केली. त्या कायद्यातील एक अट अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. सुधारणा करण्याचा ज्यास हक्क आहे, त्यास कर्ज मिळे. इतरांस ते त्या हक्कदाराच्या संमतीनेच मिळे. खोती गावांत जेथे जमिनीवरील हक्काविषयीच तंटा होता, तेथे कुळाने विहिरीसाठी तगाई मागणे किती अवघड होते, ह्याचे अनुमान सहज करता येते. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. तोवर ही अडचण टिकून होती.

सार्वजनिक सोयीसाठी सार्वजनिक पैसा, खाजगी सोयीसाठी सार्वजनिक पैसा, आणि दुसऱ्याच्या खर्चास जोड म्हणून सार्वजनिक पैसा, असे हे तीन साचे होत. विद्युत्-वाहनांच्या अनुदानात तिन्ही साचे नव्या नावांनी पुन्हा आढळतात.

३

रत्नागिरी जिल्ह्यात विजेचा दुष्काळ आहे, असे कोणी म्हणणार नाही. कोयना प्रकल्पाचे धरण सातारा जिल्ह्यात असले, तरी त्याचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली येऊन वीज निर्माण करते ते चिपळूण तालुक्यात. पोफळी येथे १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली. आज त्या प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट असून धरणपायथ्याचे छोटे केंद्र वगळता सारी जनित्रे पोफळी व कोळकेवाडी परिसरात आहेत. जयगड येथे १,२०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पाचा इतिहास तर सर्वश्रुत आहे. परंतु वीज निर्माण होणे वेगळे आणि ती वाटेवर उपलब्ध असणे वेगळे. कोकणात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, आणि वैशाखात जांभ्याच्या सड्यावरची विहीर कोरडी पडते. पाणी पडते, पण साठत नाही. विजेचेही काहीसे तसेच आहे. ती येथे उत्पन्न होते आणि उच्चदाबाच्या तारांवरून घाट चढून जाते.

ह्याच जिल्ह्यातून जाणाऱ्या कोकण रेल्वेचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. रोहा ते ठोकूर ह्या ७४१ किलोमीटरच्या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण होऊन २० जून २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. त्यासाठी लागलेल्या पैशास कोणी अनुदान म्हटले नाही. तो सार्वजनिक उपक्रमाचा भांडवली खर्च होता. मार्ग सलग असल्यामुळे विजेची तारही सलग ओढावी लागली. वाटेत जेथे वस्ती विरळ आहे, तेथे ती तोडून चालले नसते. रस्त्याची गोष्ट निराळी आहे. रस्त्यावर चार्जिंगची साखळी तुटली, तरी रस्ता चालूच राहतो. अडतो तो फक्त विजेच्या गाडीचा मालक.

४

आता अनुदानांच्या क्रमाकडे वळू. केंद्र शासनाची ‘फेम’ योजना १ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिचा भर वाहनांच्या खरेदीवर होता. चार्जिंग केंद्रांसाठीची तरतूद अल्प होती. चार्जिंग केंद्रांच्या मार्गातील खरी अडचण मात्र कायद्याची होती. २००३ च्या विद्युत अधिनियमानुसार परवान्यावाचून वीज विकता येत नाही. मग एखाद्या खाणावळीच्या मालकाने आपल्या अंगणात गाडी चार्ज करू दिली आणि पैसे घेतले, तर ती विजेची विक्री ठरेल काय? १३ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की, चार्जिंगमध्ये विजेचे रूपांतर बॅटरीतील रासायनिक शक्तीत होते; म्हणून ती विक्री नसून सेवा होय. विद्युत्-वाहनांच्या इतिहासात ह्या खुलाशाचे मोल कोणत्याही अनुदानाहून कमी नाही. त्यामुळे सामान्य दुकानदारास ह्या व्यवसायाचे दार उघडले. पुढे १ ऑगस्ट २०१९ पासून चार्जरवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हेही एक प्रकारचे अनुदानच. मात्र ते कोणाकडेही अर्ज न करता मिळणारे.

महाराष्ट्र शासनाने आपले पहिले विद्युत्-वाहन धोरण १४ फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयाने जाहीर केले. सार्वजनिक चार्जिंग केंद्राच्या यंत्रसामग्रीवर २५ टक्के, कमाल १० लाख रुपये, आणि तेही पहिल्या २५० केंद्रांना, असे अनुदानाचे स्वरूप होते. येथे माप होते संख्येचे. जो आधी येईल त्यास मिळेल, हा नियम दिसावयास निःपक्षपाती असतो. परंतु जेथे गाड्या अगोदरच अधिक, तेथील उद्योजकच आधी येतो.

दुसरे धोरण २३ जुलै २०२१ चे. त्याची मुदत ३१ मार्च २०२५ पर्यंत होती. संथ चार्जरला खर्चाच्या ६० टक्के, कमाल १० हजार रुपये; मध्यम वा वेगवान चार्जरला ५० टक्के, कमाल ५ लाख रुपये, असे दर त्यात ठरले. संथ चार्जरची मर्यादा १५ हजार आणि वेगवानची ५०० होती. परंतु अधिक अर्थपूर्ण आहे ती केंद्रांच्या उद्दिष्टांची वाटणी. मुंबई महानगरास १,५००, पुण्यास ५००, नागपुरास १५०, नाशकास १००, औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) ७५, अमरावतीस ३० आणि सोलापुरास २०, अशी एकूण २,३७५ केंद्रांची ती यादी आहे. चार्जिंगसाठी पूर्ण सज्ज करावयाचे महामार्ग चार होते : मुंबई–पुणे, मुंबई–नाशिक, मुंबई–नागपूर आणि नाशिक–पुणे. ह्या यादीत मुंबई–गोवा महामार्ग नाही. कोकणातील एकही शहर, मुंबई महानगर सोडल्यास, नाही. येथे माप होते शहराचे.

केंद्राच्या ‘फेम’च्या दुसऱ्या टप्प्यातही हेच माप वापरले गेले. २०१९ साली चार्जिंग केंद्रांसाठी प्रस्ताव मागविताना दशलक्षाहून अधिक वस्तीची शहरे, स्मार्ट शहरे, महानगरांची उपनगरे आणि राज्यांच्या राजधान्या ह्यांना प्राधान्य होते. जानेवारी २०२० मध्ये ६२ शहरांसाठी २,६३६ केंद्रे मंजूर झाली. त्यांपैकी ३१७ महाराष्ट्राच्या वाट्यास आली. रत्नागिरी नगराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ७६ हजार होती. ते ह्यांपैकी कोणत्याही वर्गात बसत नव्हते. वस्तुतः ऊर्जा मंत्रालयाच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरवर एक केंद्र असावे, असे म्हटलेले होते. परंतु पहिल्या टप्प्यात ४० लाखांहून अधिक वस्तीची शहरे आणि त्यांना जोडणारे मार्ग, असा क्रमही त्यांतच लावून दिला होता. अंतराचे माप कागदावर आले, पण त्यास शहराच्या मापामागे रांगेत उभे राहावे लागले.

तिसरे धोरण २०२५ चे. मंत्रिमंडळाने २९ एप्रिल २०२५ रोजी त्यास मान्यता दिली; त्याची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत असून एकूण तरतूद १,९९३ कोटी रुपयांची आहे. राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर दर २५ किलोमीटरवर चार्जिंग केंद्र, हे त्यातील उद्दिष्ट आहे. संख्या, शहर आणि आता अंतर, असा हा सात वर्षांचा प्रवास आहे. अंतराच्या मापात खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, पाली, लांजा, राजापूर ही नावे आपोआप येतात. त्यांना कोणाची शिफारस लागत नाही. मात्र ह्याच वेळी साहाय्याचा दर १५ टक्क्यांवर आला आणि त्याचे नावही ‘व्यवहार्यता तूट निधी’ असे झाले. म्हणजे माप कोकणापर्यंत पोहोचले तेव्हा माप भरून देणारा हात आखडला होता.

५

हा दर अपुरा का ठरू शकतो, हे समजण्यास कोकणच्या वाहतुकीचे स्वरूप पाहावे लागते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असता ज्या मोजक्या जिल्ह्यांची घटली, त्यांत हा एक. ह्या घटीचा अर्थ येथील माणसे नाहीशी झाली असा नव्हे. ती मुंबईस व पुण्यास राहतात आणि गणपतीस, शिमग्यास आणि मे महिन्यात गावी येतात. जनगणनेत चाकरमानी मुंबईचा. महामार्गावर भाद्रपदात तो कोकणचा. लोकसंख्येच्या मापाने अनुदान वाटले, तर तो जेथे राहतो तेथील केंद्र वाढते, आणि ज्या वाटेवर त्यास खरी गरज पडते ती वाट कोरडी राहते. शहरात तो दिवसाकाठी थोडेच अंतर चालवितो आणि रात्री घरी चार्ज करू शकतो. वेगवान सार्वजनिक केंद्राची निकड त्यास कशेडी घाट उतरल्यावर भासते.

ह्याचीच दुसरी बाजू अशी की, महामार्गावरील केंद्र वर्षातून काही आठवडे रांगांनी गजबजेल आणि उरलेले महिने बहुधा रिकामे राहील. परंतु रोहित्र, जोडणी व यंत्र ह्यांचा खर्च बाराही महिन्यांचा आहे. शिवाय किनाऱ्यालगतची खारी हवा आणि वादळे आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मंडणगड व दापोली तालुक्यांत विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर कोसळले, हे विसरता येत नाही. असा धंदा केवळ नफ्याच्या आशेवर कोणी खाजगी माणूस चालविणार नाही. आणि १५ टक्क्यांची जोड त्याच्या मनाचा कौल बदलण्यास पुरेशी होईल, असे वाटत नाही.

नॉर्वे देशाचा अनुभव ह्या बाबतीत विचारात घेण्याजोगा आहे. तेथील ‘एनोव्हा’ ह्या सरकारी संस्थेने २०१५ पासून मुख्य मार्गांवर दर ५० किलोमीटरवर वेगवान केंद्र असावे म्हणून साहाय्य दिले. बहुतेक देशात ती साखळी लवकर पुरी झाली. परंतु फिनमार्क आणि लोफोटेन ह्या विरळ वस्तीच्या उत्तरेकडील भागांत ती मागे राहिली. अंतराचे माप योग्य असले, तरी सर्वत्र एकच दर पुरत नाही, हा त्यातील बोध.

केंद्र शासनाच्या अलीकडील योजनांत ह्याची अंशतः जाणीव दिसते. मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर ७,४३२ वेगवान केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. पंप महामार्गावर अगोदरच उभा असल्याने जागेचा प्रश्न सुटतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये राखून ठेवले आहेत. तिच्या २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शासकीय आवारातील केंद्र सर्व जनतेस खुले असेल, तर संपूर्ण खर्च अनुदानातून मिळू शकतो. इतर ठिकाणी दर कमी होत जातो. सर्वांस खुले असणे ही अट आणि त्यापोटी पूर्ण खर्च, हा जुन्या लोकल फंडाच्या धर्मशाळेचाच साचा आहे.

६

घरगुती चार्जिंगचा प्रश्न निराळा आहे, आणि येथे तगाईच्या विहिरीची आठवण होते. कोकणातील स्वतंत्र घरास अंगण असते, पडवी असते. गाडी उभी करण्यास जागा मुबलक. १४ जानेवारी २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी घरच्या असलेल्या जोडणीवरच गाडी चार्ज करण्यास मुभा दिली आहे. तेव्हा दुचाकीवाल्यास अनुदानाची फारशी गरज नाही. मोटारवाल्यास आपला मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, एवढेच. राज्याच्या २०२१ च्या धोरणाने घरगुती चार्जरसाठी मालमत्ता करात सूट देण्यास नागरी स्थानिक संस्थांना उत्तेजन दिले. परंतु ह्या जिल्ह्यातील बहुसंख्य वस्ती ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहे. ‘नागरी’ ह्या एका विशेषणाने ती बाहेर राहिली.

खरी अडचण आहे ती सदनिकेत राहणाऱ्याची, आणि त्यातही भाडेकरूची. वाहनतळ सामाईक, मीटर दूर, आणि तार ओढावयाची तर संस्थेची संमती हवी. १८८३ च्या कायद्यातील हक्कदाराच्या संमतीची अट येथे जशीच्या तशी पुन्हा भेटते. दिल्ली सरकारने २०२० च्या धोरणात खाजगी चार्जिंगच्या पहिल्या ३० हजार जागांसाठी प्रत्येकी ६ हजार रुपयांपर्यंत साहाय्य जाहीर केले. ब्रिटनमध्ये २०१४ पासून घरगुती चार्जरच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग मर्यादेत राहून सरकार देई. एप्रिल २०२२ पासून मात्र स्वतःच्या स्वतंत्र घरात राहणाऱ्यांचे हे साहाय्य बंद करून ते सदनिकाधारक व भाडेकरू ह्यांच्यापुरते ठेवण्यात आले. ज्याच्यापाशी अंगण आहे त्यास सरकारी पैशाची गरज नाही, हे तेथील शासनास आठ वर्षांच्या अनुभवाने उमगले. आपण ते प्रथमच ओळखले, तर तेवढा पैसा वाटेवरच्या केंद्रांसाठी मोकळा होईल.

७

ह्या विवेचनावरून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे. पहिला, चार्जिंगच्या अनुदानाचा महाराष्ट्रातील इतिहास हा मापे बदलण्याचा इतिहास आहे, आणि प्रत्येक मापाने कोण आत येईल व कोण बाहेर राहील हे ठरविले. दुसरा, ‘मागाहून देणे’ हे अनुदानाचे तत्त्व महानगरांत भांडवल खेचून आणते. विरळ वर्दळीच्या वाटेवर ते निष्फळ होते, कारण तेथे ज्याच्या मागाहून द्यावयाचे तो पुढे येणाराच कोणी नसतो. तिसरा, म्हणून मुंबई–गोवा महामार्ग आणि रत्नागिरी–कोल्हापूर मार्ग ह्यांसारख्या हंगामी वर्दळीच्या रस्त्यांवर केंद्रांचा मुख्य भार सार्वजनिक भांडवलाने उचलावा, आणि खाजगी मालकाकडे ती चालविण्याचे काम सोपवावे, हे परंपरेशीही सुसंगत आहे व व्यवहाराशीही.

पदव्युत्तर अभ्यासकांना ह्या क्षेत्रात बरेच काम आहे. तालुकावार वीजजोडण्या, पंपांवरील केंद्रांचा महिन्यागणिक वापर, आणि गणेशोत्सवाच्या पंधरवड्यातील रांगा ह्यांची नोंद आताच ठेवली, तर पुढील धोरण ठरविणाऱ्यास ती उपयोगी पडेल. सध्याच्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०३० रोजी संपते. त्यापूर्वी निदान चार गणेशोत्सव हाती आहेत.